जुन्या ट्रॅक्टरांतील तेल

बागेच्या ट्रॅक्टरवर भाषण करावयाचें ठरविलें तेव्हां घरांतील मंडळींनीं पहिला प्रश्न विचारला तो असा कीं, ज्यांच्या गॅलरींत चार कुंड्यांपलीकडे बाग नाहीं, अशा शहरवासी श्रोत्यांनीं हें कां म्हणून ऐकावें? प्रश्न रास्त होता. परंतु खरें सांगावयाचें तर मला ट्रॅक्टरविषयीं फारसें बोलावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें त्याच्या पोटांतील सहा-सात लिटर तेलाविषयीं. ह्या तेलाची कुळकथा दोन शतकांहून जुनी आहे. तींत कुलपें करणारा एक कारागीर आहे, युद्धनौकांवरील तोफा आहेत, एक प्रचंड बाँबफेकें विमान आहे, आणि अगदीं शेवटीं, रविवारीं सकाळीं घरामागचें गवत कापणारा एक साधा गृहस्थ आहे.

मला ह्या विषयाची गोडी लागली ती अमेरिकेंत. कांहीं वर्षांपूर्वीं इलिनॉय संस्थानांत माझ्या पुतण्याकडे मी उन्हाळ्याचे दोन महिने राहिलों होतों. त्याच्या घराभोवतीं पाऊण एकर हिरवळ आहे, आणि ती वाढूं दिली तर शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नव्हती असें नाहीं. पण जुनीं यंत्रें हा त्याचा छंद. त्यानें १९७० च्या सुमारास बांधलेला एक बागेचा ट्रॅक्टर विकत घेतला. विकणाऱ्यानें आपल्या अंगणांत एक फेरी मारून दाखविली आणि गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली. घरीं आणल्यावर पहिलीं वीस-पंचवीस मिनिटें तशीच चालली. नंतर घरामागच्या लहानशा चढावर ती मध्येंच थबकली. एंजिन पूर्ण जोरांत गर्जत होतें, गवत कापणारें पातें फिरत होतें, आणि चाकें मात्र जागच्या जागीं. तासाभरानें यंत्र थंड झाल्यावर तोच ट्रॅक्टर तोच चढ विनातक्रार चढून गेला. पुतण्या म्हणाला, "काका, हा सकाळीं तरुण असतो आणि दुपारीं म्हातारा होतो."

गांवांतील एका दुरुस्तीवाल्यानें यंत्र उघडूनहि न पाहतां सल्ला दिला कीं, भंगारांत घाला; ह्याची जी वस्तु बिघडली आहे तिची किंमत ट्रॅक्टरहून जास्त होईल. पुतण्याला तो सल्ला मानवेना, मला तर त्यांतील घाई मुळींच आवडली नाहीं. पन्नास वर्षें टिकलेलें यंत्र दुपारच्या वेळीं थकतें, एवढ्यावरून त्याला मोडीत काढणें म्हणजे नाडी न पाहतां रोग्याला स्मशानाची वाट दाखविणें होय. म्हणून आम्हीं आधीं तें यंत्र समजून घेण्याचें ठरविलें.

एंजिनाची शक्ति चाकांपर्यंत पोंचविण्याची आपल्या परिचयाची रीति म्हणजे दांत्यांच्या चाकांची. तींत तीन-चार ठराविक वेग असतात, आणि एका वेगावरून दुसऱ्यावर जावयाचें तर क्लच दाबून दांत्यांची एक जोडी सोडवावी व दुसरी जुळवावी लागते. ह्या ट्रॅक्टरांत तसें नव्हतें. ह्यांत होतें तें हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. नांव अवघड असलें तरी तत्त्व सोपें आहे. एंजिन एक पंप फिरवितें. पंप तेलाला जबर दाबानें पुढें ढकलतो. तें तेल पंपासारख्याच दुसऱ्या एका यंत्रांत शिरतें, त्याला फिरवितें, आणि परत पंपाकडे येतें. ह्या दुसऱ्या यंत्राला मोटर म्हणतात. तिचा विजेशीं कांहीं संबंध नाहीं. मोटर फिरली कीं चाकें फिरतात. दांत्यांचीं चाकें येतात तीं अगदीं शेवटीं, मागच्या आसापाशीं.

पंपाची रचना डोळ्यांपुढें आणावयाची असेल तर रिव्हॉल्व्हरमधील गोळ्यांचें गोल चक्र आठवावें. त्या चक्राला जशीं आसाभोवतीं भोंकें असतात, तशींच ह्या पोलादी ठोकळ्याला असतात. फक्त गोळ्यांच्या जागीं दट्टे असतात. दट्ट्यांचीं टोकें एका तबकडीवर टेकून फिरतात. तबकडी सरळ उभी असेल तर दट्टे नुसते गोल फिरतील, आंत-बाहेर होणार नाहींत, तेल ढकललें जाणार नाहीं आणि गाडी उभी राहील. तबकडी थोडी तिरपी केली कीं प्रत्येक दट्ट्या एका फेऱ्यांत थोडा आंत जाईल, थोडा बाहेर येईल, आणि गाडी सावकाश निघेल. तबकडी अधिक तिरपी केली कीं वेग वाढेल. तीच उलट बाजूला कलविली तर गाडी मागें जाईल. चालकाच्या हातांत जो एकुलता एक दांडा असतो तो ह्या तबकडीचा. एंजिनाचा वेग त्यानें बदलावाच लागत नाहीं.

ह्या युक्तीचा उगम शोधूं लागलें कीं प्रथम भेटतो तो फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोंचतो, हा त्याचा नियम ज्या ग्रंथांत आहे तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. नियम कागदावर बिनचूक होता. व्यवहारांत अडचण एकच होती, आणि ती म्हणजे द्रव कोंडून राहत नाहीं. दट्ट्या हलावयाचा तर त्याच्या भोंवतीं फट हवी, आणि फट आली कीं गळती आली. यापुढील साडेतीनशें वर्षांचा ह्या विद्येचा इतिहास म्हणजे बव्हंशीं ह्या एका फटीशीं चाललेली झुंज आहे.

लंडनच्या जोसेफ ब्रामानें १७९५ सालीं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. हा ब्रामा मुळांत कुलपांबद्दल प्रसिद्ध. त्याच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप मांडलेलें असे आणि तें उघडून दाखविणाराला २०० गिनींचें बक्षीस लावलेलें होतें; १८५१ पर्यंत तें कोणालाहि जिंकतां आलें नाहीं. पण माणसाला न उघडणारें कुलूप करणाऱ्या ह्या कारागिराला पाणी कांहीं कोंडतां येईना. दाब वाढला कीं दट्ट्याच्या कडेनें पाणी निसटे. ह्यावर तोड काढली ती त्याच्याच कारखान्यांतील हेन्री मॉडस्ले ह्या तरुण कारागिरानें, असें मानतात. त्यानें चामड्याची वाटीसारखी वांकविलेली एक कडी बसविली. पाण्याचा दाब त्या वाटीच्या आंत शिरे आणि तिच्या कडा दट्ट्याला बिलगत. दाब जितका अधिक, तितकी पकड घट्ट. गळतीचा जोरच गळती थांबविण्याच्या कामीं लावावयाचा, ही ती कल्पना. मॉडस्लेला आठवड्याला ३० शिलिंग मिळत. त्यानें वाढ मागितली, ब्रामानें नाकारली, आणि १७९७ सालीं मॉडस्लेनें स्वतःचा कारखाना थाटला. पुढें तो इंग्लंडांतील यंत्रकारांचा गुरु ठरला. मालकाला ते चार शिलिंग फार महागांत पडले असावेत.

चामड्याच्या त्या कडीवर एकोणिसाव्या शतकानें मोठमोठीं कामें केलीं. न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँगनें, जो धंद्यानें वकील होता, १८४६ सालीं तेथील धक्क्यावर पाण्याच्या दाबाची यारी उभी केली. लंडनमध्यें तर १८८३ पासून एक कंपनी रस्त्यांखालीं नळ घालून, जसें आज घरोघर वीज पुरवितात तसा, पाण्याचा दाब विकत असे. तें काम १९७७ पर्यंत चाललें. १८९४ सालीं उघडलेल्या टॉवर ब्रिजचे अजस्र पंखे उचलले जात तेहि असल्याच पाण्याच्या बळावर. ह्या सर्व यंत्रांत एक मोठी सोय होती. पाणी स्वस्त, थोडें गळलें तर गटारांत गेलें. चामडें झिजलें तर चार पैशांचें नवें घालावें. पाण्यांत थोडी माती आली तरी चामडें ती सोसून घेई. पण पाण्यानें लोखंड गंजतें, तें थंडींत गोठतें, आणि सर्वांत मोठा दोष असा कीं, तें वंगणाचें काम करीत नाहीं. यारी मिनिटाला एकदां हालते, तिला हें चालतें. मिनिटाला हजारों फेरे घेणाऱ्या यंत्राला चालत नाहीं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेंतील हार्वे विल्यम्स आणि रेनोल्ड जॅनी ह्या दोघां यंत्रज्ञांनीं जें वेगबदलाचें यंत्र सिद्ध केलें, त्यांत पाणी गेलें आणि तेल आलें. कनेक्टिकट संस्थानांतील वॉटरबरी गांवीं तें तयार होई. तिरप्या कलत्या भागावर फिरणारे दट्टे त्यांत होते. माझ्या पुतण्याच्या ट्रॅक्टरांतील पंपाचा हाच पणजोबा. युद्धनौकेवरील तोफेचा बुरूज फिरवावयाचा तर तो एखाद्या वेळीं झपाट्यानें, तर एखाद्या वेळीं तसूतसूनें, आणि मध्यें हिसका न बसतां फिरला पाहिजे. दांत्यांच्या चाकांना हें साधत नव्हतें. ह्या तेलाच्या यंत्राला तें सहज साधलें. अमेरिकन आरमारानें तें घेतलें, इंग्लंडांत व्हिकर्स कंपनी तें बांधूं लागली.

पण ह्या वेळीं एक गोष्ट मुकाट्यानें बदलली होती, आणि माझ्या सर्व भाषणाचा गाभा तोच आहे. ह्या दट्ट्यांना चामड्याची कडी नव्हती. पोलाद पोलादांत सरकत होतें, आणि दोहोंमध्यें होता तो केवळ तेलाचा पापुद्रा. तेलच शक्ति वाहून नेणार, तेलच वंगण देणार, उष्णता तेलच बाहेर काढणार, आणि गळती अडविणारी भिंतहि तेलाचीच. चार नोकरांचें काम एका नोकरावर पडलें. थोडीशी गळती तर मुद्दामच ठेवलेली असते, कारण ती नसेल तर दट्टे कोरडे घासतील.

ही फट केवढी असते? साधारणपणें मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग. आपल्या डोळ्याला मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाहून बारीक कण सहसा दिसत नाहीं. म्हणजे जो कण ह्या फटींत शिरून तिच्या भिंती खरवडूं शकतो, तो तेल बोटावर घेऊन उजेडांत पाहिलें तरी दिसावयाचा नाहीं. ह्याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. अशा अरुंद फटीचा आकार दुप्पट झाला तर तींतून होणारी गळती दुप्पट होत नाहीं, आठपट होते. तिप्पट झाला तर सत्तावीसपट. तेल तापून पातळ झालें कीं ती आणखी वाढते. झिजलेला ट्रॅक्टर सकाळीं तरुण आणि दुपारीं म्हातारा कां होतो, ह्याचें सारें उत्तर ह्या दोन वाक्यांत आहे. थंड, दाट तेल झिजलेली फट भरून काढतें. तेंच तेल तापलें कीं पंपानें ढकललेला बराचसा भाग मोटरकडे जाण्याऐवजीं वाटेंतच घरंगळून परत येतो, आणि एंजिन गर्जत असतां चाकें उभीं राहतात.

आरमारांत ह्याची चिंता नव्हती. तेथें यंत्राशेजारीं शिकलेला माणूस असे, आणि तेल गाळणें हें त्याच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग असे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत हीच विद्या विमानांत गेली. १९४६ सालीं प्रथम उडालेलें अमेरिकेचें बी-३६ हें सहा पंख्यांचें बाँबफेकें विमान इतकें मोठें होतें कीं, त्याला विजेची पुष्कळ गरज असे, आणि एंजिनांचा वेग कमी-जास्त झाला तरी वीज उत्पन्न करणारें यंत्र एकाच वेगानें फिरणें अवश्य होतें. हें काम रॉकफोर्ड येथील संडस्ट्रँड कंपनीच्या तेलाच्या यंत्रांनीं केलें. रॉकफोर्ड हें इलिनॉय संस्थानांतीलच गांव. विमानावरहि देखभालीला माणसांची वाण नव्हती. लष्करी विमानाचा प्रत्येक तास लिहून ठेवलेला असतो.

शेतीच्या ट्रॅक्टरवर हें यंत्र बसविण्याचे प्रयोग ह्याच सुमारास सुरू झाले. इंग्लंडांतील शेतकी यंत्रांच्या राष्ट्रीय संस्थेनें १९५४ सालीं असा एक ट्रॅक्टर चालवून दाखविला. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९६१ सालीं वायूच्या टर्बाइनवर चालणारा एच्‌टी-३४० नांवाचा प्रायोगिक ट्रॅक्टर दाखविला, त्यांतहि तेलाचीच योजना होती. तो आतां वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचा आहे. १९६७ सालीं त्याच कंपनीचा फार्मॉल ६५६ हा शेतावरचा ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक रूपांत बाजारांत आला. परंतु मोठ्या शेतावर हें यंत्र फारसें रुजलें नाहीं. दांत्यांच्या चाकांपेक्षां ह्यांत शक्तीचा अपव्यय अधिक, आणि दिवसभर नांगरणाऱ्या शेतकऱ्याला इंधनाचा हिशेब कळतो.

रुजलें तें बागेंत, आणि त्याला कारण आहे. गवत कापतांना पातें सारख्या वेगानें फिरलें पाहिजे, नाहींतर गवत तुटत नाहीं, फाटतें. उलट गाडीचा वेग क्षणोक्षणीं बदलावा लागतो. येथें झाड आलें, तेथें फुलांचा ताटवा, पुढें कुंपणाचा कोंपरा, मग सरळ मोकळी पट्टी. दांत्यांच्या चाकांच्या गाडीला प्रत्येक वळणावर थांबून क्लच दाबावा लागे. तेलाच्या यंत्रांत दांडा दोन बोटें मागें घेतला कीं काम झालें. इंटरनॅशनल हार्वेस्टरनें १९६० च्या सुमारास ‘कब कॅडेट’ नांवाचा बागेचा ट्रॅक्टर काढला होता. १९६३ च्या नव्या नमुन्यांत एंजिनापासून मागच्या आसापर्यंत पट्ट्याऐवजीं सरळ पोलादी दांडा आला, आणि त्या दांड्यावर पंप बसविणें सोपें झालें. त्या दशकाच्या मध्यास ‘१२३’ नांवाचा १२ अश्वशक्तीचा नमुना निघाला. त्यांत संडस्ट्रँडचें ट्रान्समिशन होतें. बाँबफेक्या विमानाला वीज पुरविणाऱ्या कारखान्याचेंच यंत्र दहा-वीस वर्षांत घरामागच्या हिरवळीवर येऊन पोंचलें. इतर कंपन्यांनींहि हीच वाट धरली. जॉन डिअरचा १४० हा १९६८ च्या सुमाराचा.

ह्या प्रवासांत एक माणूस मात्र मागेंच राहिला. तो म्हणजे तेलाची राखण करणारा. युद्धनौकेवर तो होता, विमानतळावर होता. बागेंत त्याच्या जागीं आला तो बँकेंतील कारकून, शाळेंतील मास्तर किंवा औषधांचा दुकानदार. त्याच्या हातीं एक छापील पुस्तिका पडली. तींत तेलाची पातळी पाहावी, गाळणी वेळच्या वेळीं बदलावी, पंखा व थंडाव्याच्या फासळ्या स्वच्छ ठेवाव्या, असें लिहिलेलें असे. दांत्यांचीं चाकें झिजलीं तर खडखडतात, मालकाला हांक मारतात. तेलाचें यंत्र मात्र मुकाट्यानें झिजतें. वर्षानुवर्षें तें तक्रार करीत नाहीं, आणि करतें तेव्हां बराच उशीर झालेला असतो. अशा स्थितींत कित्येकांनीं पुस्तिका एकदां वाचून फडताळांत ठेवून दिली असल्यास त्यांना फारसा दोष देववत नाहीं.

आतां पुतण्याच्या ट्रॅक्टरकडे परत येतों. आम्हीं प्रथम यंत्र अर्धा तास चालवून तापविलें, कारण थंड तेल सोडलें तर गाळ तळाशीं बसून राहतो. तापलेलें, हाललेलें तेल तो आपल्याबरोबर बाहेर आणतें. तळचा बोल्ट काढण्यापूर्वीं त्याच्या आसपासची पन्नास वर्षांची माती ब्रशानें व रॉकेलानें धुऊन काढली. पुतण्याला ही माझी सोवळ्यांतील पूजा वाटली. परंतु ज्या यंत्राला न दिसणारा कण मारतो, त्याचें झांकण मळकट हातांनीं उघडणें म्हणजे वैद्यानेंच विष द्यावें तसें आहे. बोल्ट निघाल्यावर जें बाहेर आलें तें तेल नव्हतें, चहांत दूध अधिक झाल्यावर दिसतो तसा पांढुरका द्रव होता. तेल दुधाळ झालें म्हणजे त्यांत पाणी शिरलें असें समजावें. ट्रॅक्टर उघड्यावर उभा राहिला असेल, दांड्याभोवतालचें रबर तडकलें असेल, किंवा नुसतें गरम-थंड होतांना आंतील हवेंतला ओलावा वर्षानुवर्षें सांचत गेला असेल. पाणी आलें कीं तेलाचा पापुद्रा फाटतो, पोलाद गंजतें, आणि गंजाचे कण स्वतःच खरवडण्याचें काम पुढें चालवितात.

गाळणीवरचा रंग उडालेला होता. ती शेवटची केव्हां बदलली हें सांगणारें कोणी राहिलें नव्हतें. पंप थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या दोन पात्या मोडलेल्या, आणि ठोकळ्याच्या फासळ्यांत वाळलेलें गवत इतकें घट्ट बसलेलें कीं, तें काढावयास विणकामाची सुई लागली. ह्या गवताची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण हिशेब करून पाहावा. १२ अश्वशक्तीच्या एंजिनाची पूर्ण शक्ति लागली असतां तिचा चौथा भाग जरी ह्या यंत्रांत वायां जात असला, तरी ती उष्णता विजेच्या दोन मोठ्या इस्त्र्या सतत चालू ठेवाव्या इतकी होते. ती सगळी सहा-सात लिटर तेलांत शिरते. तिला बाहेर जावयाची वाट म्हणजे त्या फासळ्या आणि तो पंखा. वाट गवतानें बुजविली कीं तेल तापतें, पातळ होतें, गळती वाढते, आणि गळतीनें पुन्हां उष्णता वाढते.

नवें तेल त्या जातीच्या यंत्रासाठीं सांगितलेलेंच घातलें. वाटेल तें तेल चालत नाहीं, कारण त्यालाच वंगणहि व्हावयाचें आहे व भिंतहि. गाळणी व पंखा नवा बसविला. मग मागचीं चाकें जमिनीपासून उचलून, एंजिन मंद ठेवून, वेगाचा दांडा थोडा पुढें, थोडा मागें, असा सावकाश हालविला. ह्याचें कारण असें कीं, तेल बदलतांना नळ्यांत हवा राहते. हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं, आणि हवेचे बुडबुडे दट्ट्यांजवळ फुटले कीं पोलादाचे टवके उडवितात. प्रथम यंत्र रडक्या मुलासारखें कुरकुरलें, भांड्यांतील तेलावर फेंस आला. दहा मिनिटांनीं कुरकुर थांबली. तेलाची पातळी खालीं गेली होती ती पुन्हां भरली. दुसऱ्या दिवशीं तें तेलहि अंमळ पांढुरकें दिसलें. आंत कानाकोपऱ्यांत राहिलेलें पाणी त्यांत उतरलें होतें. पुतण्यानें कपाळाला हात लावला, पण आम्हीं तें सोडून दिलें व तिसऱ्यांदां तेल घातलें. तेव्हां कुठें तें मधासारखें स्वच्छ राहिलें.

आणखी एक खोड होती. दांडा मध्यावर ठेवला असतांहि गाडी मुंगीच्या पावलांनीं पुढें सरके. अशा ट्रॅक्टरांत ही खोड पुष्कळदां आढळते, आणि पुष्कळ लोक तिचें खापर पंपावर फोडतात. वास्तविक दोष असतो तो बाहेर. तबकडीला कलविणाऱ्या लहान दांड्याच्या खांचा झिजून सैल होतात, आणि तबकडी पूर्ण सरळ उभी राहत नाहीं. खांच भरून घासून घेतल्यावर तें सरकणें थांबलें. असाच आणखी एक गैरसमज म्हणजे बंद पडलेला ट्रॅक्टर दोरी बांधून ओढणें. चाकें फिरलीं कीं मोटर फिरते, आणि तिला ताजें तेल पुरविणारा लहान पंप मात्र एंजिनाबरोबर बंद असतो. मोटर कोरडी फिरून खराब होते. त्यासाठीं जेथें झडप मोकळी करण्याची सोय असेल तेथें ती आधीं करावी, नसेल तेथें ट्रॅक्टर ओढूंच नये. त्या पहिल्या मालकांपैकीं कितीजणांना हें कोणी समजावून सांगितलें असेल?

१९९० नंतर स्वस्त ट्रॅक्टरांवर जीं ट्रान्समिशनें आलीं, त्यांतील पुष्कळांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. त्यांना तेल सोडण्याचें भोंकच ठेवलेलें नसतें, बाहेरून बदलतां येईल अशी गाळणी नसते. तेल आयुष्यभरासाठीं भरलेलें असतें. प्रथमदर्शनीं हा मालकावर उपकार वाटतो. पण ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाच्या आयुष्यभर? ट्रान्समिशनच्याच, आणि तें संपलें कीं तेलहि संपलें, हें वाक्य केव्हांहि खोटें ठरत नाहीं. पहिल्या मालकाचा बहुधा तोटा होत नाहीं. तोटा होतो तो दुसऱ्याचा, ज्यानें तें यंत्र जुनें म्हणून घेतलें. मीं अशीं हौशी माणसें पाहिलीं आहेत कीं, जीं सबंध ट्रान्समिशन गाडीखालून काढून, उलटें करून, त्याच्या वरच्या तोंडांतून जुनें तेल ओततात व नवें भरतात. त्यांचा उद्योग मला हास्यास्पद वाटत नाहीं. युद्धनौकेवरील त्या राखणदाराची जागा शंभर वर्षांनीं कोणीतरी स्वखुषीनें भरली आहे.

जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यानें काय पाहावें, असें मला त्यानंतर दोघां-तिघांनीं विचारलें. थंड यंत्रावर अंगणांत मारलेल्या फेरीवर विश्वास ठेवूं नये, एवढेंच मी सांगतों. अर्धा तास तें चालवावें, चांगलें तापवावें, आणि मग चढावर न्यावें. विकणारा त्याला नकार देईल तर त्याचें उत्तर मिळालेंच. तेलाच्या भांड्याचें झांकण उघडून पाहावें, वास घ्यावा. दुधाळ तेल एक वेळ सुधारतें, जळका वास येणारें काळें तेल फारसें आशेचें नसतें.

पुतण्याचा ट्रॅक्टर पूर्ण बरा झाला असें मी म्हणणार नाहीं. पोलाद झिजलें तें झिजलें. तेलानें तें परत येत नाहीं. पण पूर्वीं वीस मिनिटांत थकणारें तें यंत्र आतां तासभर चालतें, आणि मागचा चढ चढतें. ऑगस्टच्या ऐन दुपारीं मात्र अजून वरच्या टोंकाशीं थोडें घुटमळतें. त्यावर पुतण्यानें तोडगा काढला आहे. तो सकाळीं, तेल थंड असतांना, आधीं चढावरचें गवत कापून घेतो आणि सपाटीचें मागाहून. गेल्या उन्हाळ्यांत त्याचें पत्र आलें, त्यांत शेवटीं लिहिलें होतें कीं, तेल पाहिलें, अजून मधासारखें आहे. गाळणी पुढल्या महिन्यांत बदलणार.